बाईंच्या तोंडची माणसं

जगदाळे बाईंनी माझ्या नाटकाचं पहिलं पान हातात घेतलं, मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला त्या खोलीत माझे वडील बोलायला लागले.

असल्या वाक्यांची मला चीड आहे. आमच्या घरात देव्हारा नव्हता, वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. त्यांच्यावर बसून मी अभ्यास केला, त्यांच्यावरून अक्षरं ओळखायला शिकले, आणि 'बंधू-भगिनींनो' हा मी आयुष्यात वाचलेला पहिला मोठा शब्द. भूत, भानामती, अंगात येणं यांच्याविरुद्ध मी शाळकरी वयापासून चौकात उभी राहून बोलत आले आणि उद्याही बोलेन. म्हणून बाईंबद्दल लिहिताना जे झालं तेवढंच लिहिणार आहे. कारण सापडलं तिथे कारण देईन. सापडलं नाही तिथे गप्प बसेन.

नाटक ऊसतोड करणाऱ्या बाईवर होतं. माझी जनाबाई फडात कोयता खाली टाकते आणि मुकादमाला जाब विचारते. आमच्या पथनाट्याच्या गटाला ते फार आवडलं होतं. एकजण फक्त म्हणाला, हिचं बोलणं कानाला टोचतंय, साताऱ्याला बाईंना दाखवून ये.

बाई निवृत्त मराठी शिक्षिका. मूळच्या कोरेगावच्या बाजूच्या. स्वतः नाटकं लिहायच्या, पण त्यांचं नाव झालं होतं ते दुसऱ्यांची पात्रं बोलती करण्यासाठी. स्पर्धेचा मोसम आला की सातारा-सांगलीच्या हौशी मंडळांतली पोरं हस्तलिखितं घेऊन त्यांच्या सदर बझारातल्या घरी येऊन बसत. माझ्या वडिलांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आम्ही पार सांगलीकडचे.

तरी त्या दिवशी जनाबाईचं भाषण वाचताना त्यांचा आवाज छातीतून घशात चढला, थोडा नाकात गेला, आणि माझ्या वाक्याच्या आधी त्यांनी म्हटलं, "मुद्दा काय, की..." हे शब्द माझ्या कागदावर नव्हते. माझे वडील मात्र चहासुद्धा याच्याशिवाय मागत नाहीत.

बाईंनी पान खाली ठेवलं. "ही ऊस तोडत न्हाई पोरी. ही माईकपुढं उभी हाय. कोण हायती हे, वडील का?"

याचं कारण मी नंतर शोधलं. ज्यांचं बोलणं ऐकत मी वाढले त्यांची लय माझ्या वाक्यांत उतरली होती, आणि मुरलेल्या कानाला ती ओळखू येते. 'मुद्दा काय, की' याचं कारण मला सापडलेलं नाही.

बाई बुटक्या, अंगाने रुंद, केस मागे घट्ट बांधलेले. बोलताना त्यांचा चेहरा जवळजवळ हलत नसे. त्यामुळे आवाज बदलला की समोरच्याची पंचाईत व्हायची. तोंड बाईंचं, आणि आतून मुकादम बोलतोय, आतून कुणाची तरी विधवा आत्या बोलतेय. शाळेत जन्मभर पुस्तकातलं बोलले, आता तोंड मोकळं सोडलंय, असं त्या सांगत. पण पात्राच्या तोंडी नुसतं 'हाय, न्हाई, लय' पेरून आणणाऱ्या पोरांना त्या दारात उभं करत नसत. एका इस्लामपूरच्या मुलाला म्हणाल्या होत्या, "गड्या, हे मीठ झालं. भाजी कुठाय?"

आलेल्या प्रत्येकाला त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. तुझा माणूस पाणी कसा मागतो? कुणी म्हणे, पाणी दे म्हणतो. बाई विचारत, कुणाला म्हणतो, बायकोला की सुनेला? बायको रुसलेली असेल तर? पाहुणे बसले असतील तर? पोरगा गोंधळला की त्याला घरी पाठवायच्या. मला तर सरळ सांगितलं की तुझी जनाबाई जन्मात कधी तहानलेलीच नाही, तिला फक्त न्याय पाहिजे. मी रागाने लाल झाले. कारण ते खरं होतं. मी पुन्हा गेले आणि मग जातच राहिले.

स्वयंपाकघरात ओट्यासमोर एक लाकडी स्टूल होतं. नवं नाटक चालू असलं की बाई भाकरी थापताना त्या स्टुलाशी बोलत. दोन्ही बाजूंनी. शेजारच्या काळे काकूंना याची सवय झाली होती. पण एकदा त्या वाटीभर साखर परत द्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बाई, पाव्हण्याला औषध द्या काहीतरी. सकाळधरनं लय खोकतोय."

मी तेव्हा तिथे होते. बाईंचा हात पिठात तसाच थांबला. काकू गेल्यावर त्या मला हळू म्हणाल्या की नाटकातल्या शंकर न्हाव्याला आपण खोकला दिलाच नव्हता. मग हात धुतले, टेबलाशी गेल्या आणि शंकर न्हाव्याच्या पहिल्या प्रवेशात खोकला लिहिला. "काकूंना ऐकू येतो म्हंजी असणार," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, तुम्ही स्वतःच खोकला असाल, नाही का? त्या म्हणाल्या, असेन की. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता, आणि तो दिवसभर त्यांनी स्टुलाकडे पाठ करून भाकऱ्या केल्या.

इतकी माणसं तोंडात वागवणाऱ्या या बाईला एक माणूस बोलता करता येत नव्हता. तो तिचा भाऊ होता.

मोहन. बाईंपेक्षा थोडा मोठा. गावच्या विहिरीत गेला तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. त्या सकाळी काहीतरी बिनसून आईने त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं. दुपारी तो विहिरीत सापडला. गाव म्हणालं, पोरानं उडी घेतली. पाहिलेलं कुणी नव्हतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आमच्याकडे समजतात की मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा घास उचलत नाही. मग घरचे एकेक पुढे होऊन त्याला वचन देतात, आणि योग्य ते वचन निघालं की कावळा येतो. मोहनला बापाने वचन दिलं, चुलत्याने दिलं, मामाने दिलं. आई तर हात जोडून म्हणत राहिली, पुन्हा कुणाला उपाशी उठवणार नाही. दिवस कलला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी आले.

आई म्हातारी होऊन मरेपर्यंत बाईंना एकच विचारत असे, "माझ्यावर रागवून गेला का गं त्यो?"

बाई हे नाटक कित्येक वर्षं लिहीत होत्या. दोनच पात्रं, विहिरीकडे जाणारी वाट, दुपार, भाऊ आणि धाकटी बहीण. बहिणीची वाक्यं लिहिलेली होती. भावाच्या जागा कोऱ्या. बाईंचं म्हणणं असं की त्याचा खरा आवाज सापडला तर तो काय म्हणाला असता ते सापडेल, आणि मग तो पडला की गेला तेही कळेल. पण आवाजच आठवत नव्हता. शेवटच्या महिन्यांत त्याचा आवाज फुटत होता आणि पोरगं जवळजवळ मुकं झालं होतं. पोराचा आवाज गेला होता, बाप्याचा यायचा होता. "नसलेला आवाज कुठनं आणू?" हे त्या मला विचारत नसत. त्या स्टुलाला विचारत.

बाईंना घाटावर बोलावणी येतात हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्याशी कडाडून भांडले. त्यांच्या बाजूच्या गावांत कुणाच्या पिंडाला कावळा शिवला नाही की माणसं गाडी पाठवत, कारण बाई 'शब्द काढतात' अशी बोलवा होती. मी म्हटलं, जन्मभर शिकवलंत आणि आता कावळ्याची दुभाषी झालात? त्या शांतपणे म्हणाल्या, चल माहुलीला, बघ आणि मग शिव्या दे. मी गेले ते तिथेच बोलायचं ठरवून.

एक निवृत्त हवालदार वारला होता. संगमाच्या घाटावर पत्रावळीवर पिंड, दहीभात, आवडीची म्हणून एक विडी. कावळे पिंपळावर होते, देवळाच्या कठड्यावर होते, पण खाली एकही येत नव्हता. थोरल्या मुलाने सांगून झालं होतं की आईला अंतर देणार नाही, जमिनीची वाटणी करणार नाही. कावळे बघत बसले होते. आणि घोळक्यात कुजबूज सुरू झाली होती. थोरल्या सुनेनं शेवटी म्हाताऱ्याची आबाळ केली. त्योच घास अडलाय. ती सून कडेला उभी होती, पदर दातात धरून, पायांच्या बोटांकडे बघत. कावळा आला नाही तर हा डाग तिच्यावर कायमचा बसणार होता. माझ्या तोंडाशी अख्खं पत्रक आलं होतं.

बाईंनी मला हाताने मागे केलं. म्हातारीला, म्हणजे हवालदाराच्या बायकोला, त्यांनी विचारलं, पाणी कसं मागायचे?

"मागायचंच न्हाईत," म्हातारी म्हणाली. "तांब्याकडं बघत बसायचं."

म्हणजे हा मागणारा माणूस नव्हता. त्याला वचनं देऊन काय होणार? बाईंनी सुनेला विचारलं की दिवसातलं त्यांचं शेवटचं बोलणं काय असायचं. सून म्हणाली, रोज झोपताना एकच, सगळी आली का? फौजेतली सवय, गिनती केल्याशिवाय झोपायचं न्हाईत. मग मी दार लावायची.

"मग आज कोण आलं न्हाई?" बाईंनी विचारलं.

धाकटा मुलगा भांडून पुण्याला गेला होता आणि बापाच्या मातीलाही पोचला नव्हता. आज तो आला होता, पण लांब, गाडीला टेकून उभा होता. त्याला कुणी हाक मारली नव्हती. बाईंनी बोट करून बोलावलं. तो येऊन थोरल्याच्या शेजारी उभा राहिला, मधे वीतभर अंतर ठेवून. मग बाईंनी सुनेला सांगितलं, बोल तू रोजच्यासारखं. तिच्या तोंडातून आवाज निघेना. एकदा ओठ हलले, दोनदा हलले.

तेव्हा बाई तिच्याकडे वळल्या आणि त्यांच्या न हलणाऱ्या तोंडातून एक जाड, दमेकरी, जरबेचा म्हातारा आवाज आला.

"सगळी आली का गं?"

हवालदाराची बायको पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने मान वळवली नाही. रोज घरात म्हणावं तसं ती म्हणाली, "आली की." मग तिच्या लक्षात आलं. तिने दोन्ही हात पायरीवर टेकले.

आता सून बोलली. "मामा, सगळी आली हायती. धाकलं भावजीबी आलेत. दार लावते. झोपा तुमी."

कावळा कठड्यावरून सरळ पिंडावर आला.

कावळा भुकेला होता, घोळका पिंडापासून मागे सरकला होता, हे कारण आहे आणि मी ते देते. म्हातारीने जे उत्तर दिलं त्याला मी कारण देत नाही.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "आणि आला नसता तर? त्या बाईनं जन्मभर ऐकून घ्यायचं? एका कावळ्यापायी?"

बाई नदीकडे बघत होत्या. "तू पत्रक काढ. काढच. ते समद्यांच्या घरी पोचस्तवर मी जाते."

मी काढलं. छापण्याआधी बाईंनी ते मागून घेतलं आणि एकच दुरुस्ती केली. मी 'निष्पाप स्त्री' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून 'थोरली सून' केलं. सहा गावांत ते पत्रक लोकांनी उभ्याने वाचलं. एरवी आमची पत्रकं भजी बांधायला जातात.

पुढच्या हिवाळ्यात बाईंचा आवाज बसला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं, इतकी माणसं आत कोंबल्यावर दुसरं काय होणार म्हणून. मग तो चिरकायला लागला. एकाच शब्दाचा अर्धा भाग जाड यायचा, अर्धा बारीक. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गाठ वाईट आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल, आणि लवकर. म्हणजे जीव राहील, आवाज राहणार नाही.

बाई तारखा पुढे ढकलू लागल्या. मी साताऱ्याला जाऊन ओरडले, हात जोडले, त्यांच्या पुतण्याला फोन लावले. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा माझं मनगट धरून त्या फुटक्या आवाजात म्हणाल्या, "थांब गं. त्याच्याजवळ आलाय ह्यो."

मला कळायला वेळ लागला. त्यांचा घसा मोहनच्या वयाला येऊन पोचला होता. त्यानंतर मी त्या घरात गेले की स्वयंपाकघरातून तो आवाज यायचा, जाड आणि बारीक, अडखळता, आणि मला आत पाऊल टाकवत नसे. पहिल्यांदाच बाई फक्त एकाच बाजूने बोलत होत्या. बहिणीची वाक्यं कुणीच बोलत नव्हतं.

श्वास अपुरा पडायला लागला तेव्हा त्या तयार झाल्या. ऑपरेशननंतर बाई वर्षभर होत्या. पाटीवर लिहून बोलायच्या, भांडायच्यासुद्धा. माझा दहावा करू नका हेही त्यांनी पाटीवरच लिहिलं, आणि पुतण्याने ते पाळलं. पण मला दिसतात त्या बाई पाटीवरच्या नाहीत. त्या ऑपरेशनच्या सकाळच्या आहेत.

पुतण्या रक्ताच्या पिशवीसाठी खाली गेला होता. वॉर्डात ऊन आलं होतं. बाईंनी उशीखालून कागद काढून माझ्यापुढे धरले आणि बोटाने दाखवलं, तू धाकटी. मी काही बोलायच्या आत त्या पलंगाच्या कडेला बसल्या. खांदे कानांपर्यंत वर आले, हात गुडघ्यांत दाबले गेले. साठी उलटलेल्या बाईचं शरीर असं घडी होऊ शकतं हे मी पाहिलं नव्हतं.

"सुले, हिकडं ये," आवाज म्हणाला. 'सु' जाड आला आणि 'ले' पार फाटून वर गेला.

कागदावर पुढे लिहिलं होतं, धाकटी हसते. मी रस्त्यावर नाटकं करणारी मुलगी, मला सांगितलं तसं हसता येतं. मी हसले.

समोरचं तोंड मिटलं. डोळे जमिनीकडे गेले. मी पुढची ओळ वाचली. "बोल की दादा. कुठं निघालास?"

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली. मग हळूच, जाड-बारीक, "तू परत हसशील."

पुढच्या ओळीवर बाईंच्या अक्षरात होतं, 'आईला सांगीन हां.' ती ओळ कधीकाळी लिहिलेली, शाई उडालेली. ती आता तिथे बसत नव्हती. मी मान वर केली. माझ्याकडे जे बघत होतं ते मला बाई म्हणून ओळखत नव्हतं. मला ती जागा सोडून पळायचं होतं. मी कागद मिटला आणि म्हटलं, "न्हाई हसणार."

"हिरीवर चाललोय." आता तो घाईने बोलत होता, बोलायचं राहून गेलेल्या पोरासारखा. "कठड्यावर वाकून बोललं की घुमतंय. मोठ्या बाप्यागत येतो आवाज वर. कुणाला सांगू नगंस."

मग खांदे खाली आले. हात सुटले. बाईंनी तोंडावर पालथी मूठ ठेवली आणि मूठ काढून स्वतःच्या विरलेल्या आवाजात म्हणाल्या, "पडला गं. वाकला आन् पडला. आईवर रागवून न्हाई गेला."

हा पुरावा नाही. आजारी घशाच्या एका नाटककार बाईने नाटकातलं एक वाक्य तयार केलं, याहून जास्त कुठल्याही सभेत मी सिद्ध करू शकत नाही. पण मी बाईंना वाक्य तयार करताना शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि त्या सकाळी त्या तयार करत नव्हत्या. त्या ऐकत होत्या.

वॉर्डातला माणूस चाकाची खुर्ची घेऊन आला. मी शेजारून चालले. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती, म्हणून त्याने खुर्ची जिन्याशी थांबवली. जुनी इमारत, जिना चौकोनी वळत खाली गेलेला आणि मधोमध तळमजल्यापर्यंत पोकळी. बाईंनी खाली पाहिलं. मग दोन्ही हातांनी कठडा धरला, खुर्चीतून पुढे वाकल्या आणि त्या पोकळीत एक लांब 'ओ' दिली.

तोंडातून निघताना ती फाटकीच होती. खालून वर आली ती सलग, भरदार, पुऱ्या वयाच्या माणसाची. पोकळीत आवाज जाड होतो, हे मला ठाऊक आहे.

तळाशी कुणीतरी चालता चालता थांबलं. वर न बघताच त्याने विचारलं, "काय वो पाव्हणं, कुणाला हाक मारताय?"

बाईंनी कठड्यावरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी हसले नाही.